कॉन्फिग कोणी बदलली? नेटवर्कमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

नॉकमध्ये (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात) रुजू झालं की पहिल्यांदा लिंक डाऊन आणि सीपीयूचे अलर्ट शिकवतात. माझं मत विचाराल तर सुरुवात कॉन्फिग (राउटर-स्विचच्या सेटिंग्ज) बदलाच्या अलर्टपासून करा. लिंक पडली की यूजर फोन करून सांगतातच. अ‍ॅक्सेस लिस्टमधली (कोणता ट्रॅफिक सोडायचा, कोणता अडवायचा त्या यादीतली) एक ओळ कोणी उडवली, तर ते सांगायला कोणी येत नाही.

सिस्कोच्या आयओएसवर (त्यांच्या राउटर-स्विचच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) कोणी कॉन्फिग मोडमधून बाहेर पडलं की सिसलॉगमध्ये, म्हणजे डिव्हाइसच्या घडामोडींच्या नोंदीत, 'कॉन्फिगर्ड फ्रॉम कन्सोल बाय' असा मेसेज येतो. पुढे यूजरचं नाव आणि रिमोट लॉगिन असेल तर आयपी. त्याची सिव्हिरिटी (गांभीर्याची पातळी, ० सगळ्यात गंभीर) ५, म्हणजे नोटिफिकेशन. आता गंमत बघा, डिव्हाइसवर 'लॉगिंग ट्रॅप वॉर्निंग्ज' असेल तर लॉग गोळा करणाऱ्या सर्व्हरकडे ० ते ४ पातळीचे मेसेज एवढेच जातात आणि नेमका हाच मेसेज गळतो. नवीन डिव्हाइस जोडताना मी आधी हीच ओळ बघतो.

शिवाय हा मेसेज काय बदललं ते सांगत नाही. आत जाऊन काहीही न करता बाहेर आलं तरी तो येतोच! म्हणून 'आर्काइव्ह'खाली 'लॉग कॉन्फिग' चालू करून 'नोटिफाय सिसलॉग' द्यायचं. मग टाइप केलेली प्रत्येक कॉन्फिग कमांड नावासकट लॉगला येते. सोबत 'हाइडकीज' द्यायला विसरू नका, नाहीतर पासवर्डही तसेच सर्व्हरवर जाऊन पडतील. आणि सगळे एकाच 'अ‍ॅडमिन' लॉगिनने शिरत असतील तर नावाला काही अर्थ नाही. टॅकॅक्सवर (डिव्हाइसचं लॉगिन एका जागेवरून तपासणाऱ्या सर्व्हरवर) प्रत्येकाचं वेगळं खातं हवं.

सिसलॉग सहसा यूडीपी ५१४ वरून जातो, वाटेत पॅकेट हरवलं तर कोणालाच पत्ता लागत नाही. त्यामुळे ऑक्सिडाइज्ड किंवा रॅन्सिड या कॉन्फिगचा बॅकअप घेणाऱ्या टूलने रोज कॉन्फिग उचलून डिफ (आधीच्या कॉपीशी फरक) काढायचाच. डिफमधून 'लास्ट कॉन्फिगरेशन चेंज' सारख्या वेळेच्या ओळी गाळा. दर वेळी फालतू मेल आले की लोक रूल लावून ते थेट फोल्डरमध्ये ढकलतात, आणि खरा अलर्टही तिथेच जातो.

सरावाला लॅबमधल्या राउटरवर इंटरफेसचं डिस्क्रिप्शन बदला, पण सेव्ह करू नका. अलर्ट आला का, डिफमध्ये ती ओळ दिसली का ते बघा. मग रीलोड करून पुन्हा डिफ काढा: बदल गायब झालेला दिसेल, पण तो कोणी मागे घेतल्याची कमांड लॉगमध्ये कुठेच सापडणार नाही.