जुन्या पेट्रोल पंपाची दुरुस्ती: रंग लावण्याआधीची कामं

वेन, टोकहाइम किंवा गिलबार्कोचा 1930-40च्या दशकांतला अमेरिकी पंप हाती आला की आधी रंगाचा डबा उघडावासा वाटतो. थांबा. असे पंप बहुधा सफाईतच कायमचे बिघडतात.

सुरुवात पेट्रोलपासून. मीटरमध्ये, पाइपांत आणि हवा वेगळी करणाऱ्या टाकीत जुनं पेट्रोल आणि त्याची वाफ अडकून राहते. ते उघड्यावर उपसा आणि भाग साबणाच्या पाण्याने धुवा. तोवर ग्राइंडर, वेल्डिंग, ड्रिल जवळ आणू नका. मग चारही बाजूंचे फोटो काढा, स्क्रू नाव लिहिलेल्या पिशव्यांत ठेवा. अडकलेल्या स्क्रूवर पेनिट्रेटिंग ऑइल (गंजलेल्या फटीत झिरपणारं पातळ तेल) घालून रात्रभर राहू द्या. जोर केला की डोकं तुटतं.

मूळ रंगात शिसं असणार असंच धरा. पी-100 मास्क (बारीक धूळ अडवणारा) लावा, कोरडं घासू नका. दारांच्या पातळ पत्र्यावर सँडब्लास्टिंग (जोराच्या हवेने वाळूचा मारा) अजिबात नको: माऱ्याने पत्रा ताणला जाऊन फुगतो आणि पुन्हा सपाट होणं कठीण. तिथे पेंट रिमूव्हरच बरा. ओतीव लोखंडाचा तळ मात्र मारा सोसतो.

लोखंडी सुट्या भागांचा गंज विजेने छान निघतो. प्लॅस्टिकच्या टबात 4 लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक भागाला, धन टोक भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला. स्टेनलेसची पट्टी नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हेही उघड्यावरच.

डायलभोवतीच्या चौकटी बऱ्याचदा जस्ताच्या ओतीव असतात. कॉस्टिक सोडा जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातो, ॲसिडही जस्त खातं. त्या सौम्य साबणाने आणि मऊ ब्रशनेच धुवा. वीडर-रूट कंपनीच्या काउंटरवरचे (किती पेट्रोल, किती पैसे हे दाखवणाऱ्या चाकांवरचे) आकडे थिनरने पुसले जाऊ शकतात; धूळ झटका, हलकं मशीन ऑइल द्या, चाकं जबरदस्तीने फिरवू नका.

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा, नाहीतर आर्द्रतेने गंज पुन्हा धरतो. पुट्टी प्रायमरवर लावा, 180 आणि मग 320 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. त्यानंतरच रंग.

कापडी आवरणाच्या जुन्या तारा कडक होऊन तडकतात. त्या काढून तीनतारी केबल घाला आणि अर्थ बॉडीला पक्का जोडा. ग्लोबमध्ये, म्हणजे पंपाच्या माथ्यावरच्या काचेच्या दिव्यात, एलईडी बसवा, काचेला उष्णता लागत नाही. ग्लोबचे स्क्रू हातानेच, गॅस्केट ठेवून, हलके आवळा. आणि या पंपातून पुन्हा पेट्रोल देऊ नका.