होस्टिंगवाल्यानं अकाउंट बंद केलं? आधी डेटा काढा, मग भांडा

सपोर्टला शिव्या घालणारा मेल लिहून झाला असेल तर तो ड्राफ्टमध्येच राहू दे. तुमची साइट, डेटाबेस, जुने मेल आणि बऱ्याचदा डोमेन, म्हणजे साइटचं नावसुद्धा आत्ता त्याच होस्टिंग कंपनीच्या (साइट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या कंपनीच्या) ताब्यात आहे जिला तुम्ही शिव्या घालणार आहात. आधी सगळं बाहेर काढा, मग काय भांडायचं ते भांडा की.

आपल्याकडं बेळगाव भागात उद्यमबागेतल्या फाउंड्रीची चार पानांची साइट असो, शहापुरातल्या साडीच्या दुकानाची असो, गणपती मंडळाची असो की जांबोटीकडल्या होमस्टेची, सगळे महिन्याला शंभर-दीडशेचा शेअर्ड प्लॅन घेतात. त्यात काही वावगं नाही, तेवढ्या साइटला तेवढंच पुरतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की एकाच सर्व्हरवर शेकडो अकाउंट असतात, म्हणजे वाड्यात एक नळ आणि बिऱ्हाडं चाळीस, कुणी मोटर लावली की बाकीच्यांची घागर रिकामी. जाहिरातीत अनलिमिटेड लिहिलेलं असतं, पण अटींच्या पानावर 'इतरांना त्रास होईल असा वापर दिसला तर न कळवता बंद करू' हे पण लिहिलेलं असतं आणि पैसे भरताना आपण त्याला टिक करूनच पुढं गेलेलो असतो.

आता पहिलं काम, नेमकं कशामुळं बंद झालंय ते बघणं. कंपनी कारण मेल करून कळवते, पण कित्येकांनी बिलिंगला ईमेल दिलेला असतो तोच बंद पडलेल्या डोमेनवरचा, मग तो मेल येणार कुठं? म्हणून बिलिंग पॅनेलमध्ये लॉगिन करून तिकीट आणि नोटिसा वाचा. अकाउंट बंद असलं तरी बिलिंगचं पॅनेल बहुतेक वेळा चालू असतं. आत गेलाच आहात तर तो ईमेल लगेच जीमेलवर बदलून टाका.

बऱ्याच वेळा कारण निव्वळ पैशाचं निघतं आणि लोक उगाच 'आम्हाला बॅन केलं' म्हणून बोंबलत असतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे कार्डवरच्या ऑटो-पेमेंटचे नियम बदलले, परदेशी कंपनीचं ऑटो-रिन्यू आपल्या कार्डावर बऱ्याचदा गपचूप फेल होतं, आणि रक्कम १५ हजारांच्या वर गेली तर दरवेळी ओटीपी लागतो. वर पहिल्या वर्षीचा स्वस्तातला रेट रिन्यूला राहत नाही आणि १८ टक्के जीएसटी वेगळा. पैसे भरले की साइट चालू, एवढं सोपं प्रकरण असेल तर पुढं वाचायची गरज नाही.

दुसरा प्रकार रिसोर्सचा, आणि खरा वाद इथंच होतो. 'आमच्या साइटला दिवसाला पन्नास माणसं येत नाहीत, लोड कसला?' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी. पण लोड माणसांचा नसतो हो. बऱ्याच स्वस्त होस्टिंगवर क्लाउडलिनक्स नावाचं सॉफ्टवेअर असतं, ते प्रत्येक अकाउंटला सीपीयू, मेमरी, डिस्कचा वेग आणि 'एंट्री प्रोसेस' यांची हद्द घालून देतं. एंट्री प्रोसेस बहुतेक २० च्या आसपास असतात, म्हणजे एका क्षणाला वीस पीएचपी रिक्वेस्ट (पान तयार करायच्या मागण्या). पान अर्ध्या सेकंदात तयार होत असेल तर त्या वीसमध्ये भरपूर गर्दी मावते, पण स्लायडर आणि पेज बिल्डर भरून तेच पान आठ सेकंद घेत असेल तर दोन-चार बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्राम) आले तरी लाइन तुंबते आणि ५०८ नंबरची एरर दिसायला लागते. ५०८ म्हणजे बॅन नव्हे, तात्पुरता अडथळा. पण हे रोज व्हायला लागलं की मग कंपनीचा माणूस बघतो आणि अकाउंट बंद करतो.

सीपॅनेल (होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल) उघडत असेल तर 'रिसोर्स युसेज'मध्ये जाऊन कुठल्या दिवशी कुठली हद्द ओलांडली त्याचे स्क्रीनशॉट घ्या. मग 'रॉ ॲक्सेस'मधून लॉग (आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची नोंदवही) उतरवा आणि त्यात सारखं सारखं काय येतंय ते शोधा. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) असेल तर गुन्हेगार ठरलेले आहेत. डब्ल्यूपी-लॉगिन आणि एक्सएमएलआरपीसी या दोन फायलींवर पासवर्डचा मारा करणारे बॉट. ॲडमिन-एजॅक्सवरचा 'हार्टबीट', म्हणजे ऑफिसात तिघांनी एडिटर उघडा ठेवून चहाला गेलं तरी दर १५ ते ६० सेकंदांनी रिक्वेस्ट चालूच. तिसरं डब्ल्यूपी-क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळची कामं करणारं वेळापत्रक, ते पान उघडलं की आपलं काही काम राहिलंय का बघत बसतं. उपाय त्याच क्रमानं: एक्सएमएलआरपीसी वापरात नसेल तर एचटीॲक्सेसमधून (सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमधून) बंद करा, हार्टबीट कमी करा, कॉन्फिग फाइलमध्ये वर्डप्रेसचा क्रॉन बंद करून सीपॅनेलचा क्रॉन अर्ध्या तासाला लावा, आणि कॅशिंगचा, म्हणजे तयार पान साठवून ठेवणारा, एक प्लगिन टाका. एकच, तीन नव्हे.

फायलींच्या संख्येवर पण हद्द असते, तिला आयनोड म्हणतात, कुठं एक लाख, कुठं अडीच लाख. ती भरते कशानं तर जुन्या मेलनं, कॅशच्या फोल्डरनं आणि फोटोच्या प्रत्येक साइजच्या वेगळ्या फायलीनं. बॅकअप प्लगिनच्या त्याच सर्व्हरवर साठवलेल्या झिप फायली जागा खातात ते वेगळंच, आणि 'फाइल स्टोरेजसाठी वापर' या कलमाखाली तुम्ही बरोब्बर सापडता. मंडळवाल्यांना खास सांगतो, विसर्जन मिरवणुकीचे व्हिडिओ सर्व्हरवर चढवू नका, यूट्यूबवर टाका आणि लिंक लावा. अनंत चतुर्दशीच्या रात्री सगळं बेळगाव एकदम तो व्हिडिओ उघडणार आणि ऐन वेळी साइट बंद होणार.

तिसरा प्रकार मालवेअर आणि स्पॅमचा. इथं कंपनी ऐकून घ्यायच्या मूडमध्ये नसते, आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबर असतं, कारण तुमच्या अकाउंटवरनं स्पॅम गेला की अख्ख्या सर्व्हरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, काळ्या यादीत जातो आणि शेजारच्या दोनशे जणांचे मेल पोचायचे थांबतात. मूळ कारण बहुतेक वेळा फुकटात मिळालेली क्रॅक केलेली थीम नाहीतर 'ऑफिस१२३' छाप पासवर्ड. स्कॅनरनं दाखवलेल्या तीन फायली उडवून 'साफ केलं' म्हणून कळवू नका, आठवड्यात परत येतं आणि दुसऱ्या वेळी कायमचं बंद करतात. वर्डप्रेस, थीम, प्लगिन सगळं मूळ जागेवरनं नव्यानं टाका. अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी फाइल दिसली तर ती तिथं असायचं काहीच कारण नाही. अनोळखी ॲडमिन युजर, सीपॅनेलमधले अनोळखी क्रॉन, एचटीॲक्सेसमधल्या विचित्र ओळी बघा, आणि डेटाबेस, एफटीपी, मेल, सीपॅनेल सगळ्यांचे पासवर्ड बदला.

क्रेडिट सोसायटीवाले सभासदांना एका दमात दोन हजार मेल शेअर्ड होस्टिंगवरनं पाठवतात, वार्षिक सभेची नोटीस म्हणून. हेतू चांगला आहे पण तासाला काही शे मेलांची हद्द असते, ती तोडली की मशीन तुम्हाला स्पॅमरच समजतं. हे काम बल्क मेलच्या सर्व्हिसवरनं करा आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन डीएनएस नोंदी (मेल खरंच तुमच्याकडनंच आलाय हे दाखवणाऱ्या, डोमेनच्या नोंदी) लावा. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांना जीमेलनं या तिन्ही सक्तीच्या केल्यात, आणि कमी पाठवणाऱ्यानं पण लावाव्यात.

चौथा प्रकार मजकुराच्या तक्रारीचा, कुणाचा तरी फोटो, बातमी नाहीतर गाणं उचललेलं असतं. तेवढं पान काढा, तसं कळवा, विषय संपला. तक्रार खोटी असेल तर मूळ फोटो तुमचाच असल्याचा पुरावा जोडा. आणि हो, 'मराठी साइट म्हणून मुद्दाम बंद केली' हे लॉग बघायच्या आधी म्हणू नका. सीमाभागात राहून प्रत्येक गोष्टीत तेच बघायची आपल्याला सवय लागलीय, पण सीपीयू मोजणाऱ्या स्क्रिप्टला मराठी-कानडी कळत नाही.

आता डेटा काढायचं बघूया. सीपॅनेल उघडत असेल तर फुल बॅकअप घेऊन आपल्या कॉम्प्युटरवर उतरवा, तिथंच ठेवू नका. फुल बॅकअप होत नसेल तर होम डिरेक्टरी (तुमच्या सगळ्या फायलींचं फोल्डर) वेगळी आणि सीपॅनेलमधल्या पीएचपीमायॲडमिनमधून डेटाबेस वेगळा. मेल होम डिरेक्टरीतच असतात, शिवाय थंडरबर्डसारख्या मेल प्रोग्राममध्ये आयमॅपनं ओढून घेतलेले असले तर निम्मी काळजी गेली. सगळंच लॉक असेल तर तिकिटात फक्त एवढंच मागा: बॅकअप घ्यायला ४८ तास ॲक्सेस, नाहीतर आमच्या एका आयपीपुरती साइट उघडून द्या. मोबाइल नेटवर आयपी बदलत राहतो, तेव्हा ब्रॉडबँडवरनं करा. हे लांबवू नका, बंद अकाउंटचा डेटा ठरावीक दिवसांनी पुसायचं कलम अटींमध्ये असतं. काहीच हाती लागलं नाही तर वेबॅक मशीनवर (जुन्या पानांच्या प्रती ठेवणारी साइट) पानं शोधा. गूगलकडं पानाची साठवलेली प्रत (कॅश) मिळायची ती सोय २०२४ मध्ये बंद झाली.

तिकीट इंग्रजीत लिहा, पण सूर असा ठेवा: 'तुमची अमुक तारखेची नोटीस मिळाली. लॉगमध्ये एक्सएमएलआरपीसीवर मारा झालेला दिसतोय, ती फाइल बंद करणार आहोत, क्रॉन बदलणार आहोत, पासवर्ड बदललेत. दुरुस्तीसाठी तात्पुरता ॲक्सेस द्यावा. अजून कुठली स्क्रिप्ट त्रास देत असेल तर तिचं नाव, वेळ आणि कुठली हद्द ओलांडली ते कळवावं.' पलीकडचा माणूस दिवसभर शिव्या खाऊन बसलेला असतो, त्याला वरच्याला दाखवायला एक कारण आणि एक दुरुस्ती पाहिजे, ती आयती द्या. एकाच तिकिटात उत्तर द्या, रोज नवीन तिकीट उघडलं की नंबर मागं जातो. चॅटवर बोलणं झालं तर त्याची कॉपी ठेवा.

उत्तर आलं की 'मोठा प्लॅन घ्या', तर लगेच कार्ड काढू नका. आकडे मागा. बॉटचा मारा मोठ्या प्लॅनवर पण तेवढाच येणार. हां, खरोखरच ऑर्डर वाढल्या असतील, दुकान चालत असेल, तर मात्र शेअर्डवर अडून बसण्यात अर्थ नाही.

आपल्या भागातली एक गोष्ट मात्र वेगळी आहे, म्हणून जरा सविस्तर. इथं बहुतेकांनी होस्टिंग कंपनीकडनं घेतलेलंच नसतं, टिळकवाडीतला नाहीतर चिकोडीतला साइट करून देणारा कुणीतरी पोरगा असतो, त्याचं रिसेलर अकाउंट (कंपनीकडनं घाऊक घेऊन पुढं विकायचं) असतं आणि त्यात आपल्यासारखे तीस-चाळीस. त्यातल्या एकानं घाण केली आणि कंपनीनं रिसेलरच बंद केला तर सगळे एकदम अंधारात. कंपनीला फोन केला तर 'तुम्ही आमचे ग्राहक नाही' हे उत्तर कायद्यानं बरोबरच असतं. मग त्या पोराशी भांडून उपयोग नाही, त्याचे पण पैसे अडकलेले असतात, त्याच्याकडनं बॅकअप आणि डोमेन या दोन गोष्टी गोडीनं काढून घ्या. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते हूइजवर (डोमेनची नोंद दाखवणारी सोय) बघा, तिथं नाव झाकलेलं असलं तर सरळ त्याच्याकडून पॅनेलचा स्क्रीनशॉट मागा. डॉट कॉम असेल तर ट्रान्सफरचा कोड मागितल्यावर रजिस्ट्रारनं (डोमेन विकणाऱ्या कंपनीनं) तो पाच दिवसांत द्यायचा असा आयकॅन या डोमेनवर देखरेख ठेवणाऱ्या जागतिक संस्थेचा नियम आहे, पण नवीन घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डोमेन ६० दिवस हलत नाही. डॉट इनचं काम निक्सी या भारतातल्या संस्थेकडं, तिथं आयकॅनकडं तक्रार करून फायदा नाही. घाई असेल तर ट्रान्सफरच्या मागं न लागता फक्त नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी कुठं बघायच्या ते ठरवणारी सेटिंग) बदलून घ्या, साइट त्यानं पण नव्या जागी जाते.

बँकेकडनं चार्जबॅक (कार्डानं भरलेले पैसे परत मिळवणं) करायचा विचार असेल तर तो अगदी शेवटी. चार्जबॅक दिसला की कंपन्या बिलिंगसकट सगळं लॉक करतात आणि डोमेन तिथंच असलं तर तुम्हीच स्वतःचे हात बांधून घेतलेत. अटी मोडल्या म्हणून बंद केलं असेल तर तीस दिवसांची मनीबॅक पण बहुतेक ठिकाणी लागू होत नाही.

सगळं बाहेर आलं, आणि तरीही कंपनी दाद देत नसेल, तर आता भांडा. आयटी कायद्यात वेब होस्टिंग देणारे 'इंटरमीडियरी'मध्ये (मध्यस्थांमध्ये) मोडतात आणि २०२१ च्या नियमांप्रमाणं त्यांनी तक्रार अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर लावायचं, तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची, निकाल सात दिवसांत (फेब्रुवारी २०२६ च्या आधी ही मुदत १५ दिवसांची होती). त्या अधिकाऱ्याला तिकीट नंबर लावून मेल करा, साध्या सपोर्टपेक्षा फरक पडतो. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथं मराठीत पण बोलता येतं आणि कानडीत पण. त्याच्याही पुढं जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथं केस करता येते, म्हणजे कंपनी मुंबईची असली तरी बेळगावात, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. अडचण एकच, 'व्यापारासाठी घेतलं' असा मुद्दा समोरचा काढणार, तेव्हा पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेला धंदा आहे हे कागदावर दाखवावं लागतं. पंधराशे रुपयांसाठी आयोगापर्यंत जाणं मला तरी पटत नाही, पण तीन वर्षांचे पैसे एकदम भरून दुसऱ्या महिन्यात काही न सांगता बंद केलं असेल तर जरूर जा. परदेशी कंपनी असेल तर यातलं फारसं काही चालत नाही, पैसे गेले समजा.

नवीन जागी जाताना डोमेन एका कंपनीकडं आणि होस्टिंग दुसऱ्याकडं ठेवा, आणि जुना बॅकअप न तपासता तसाच चढवू नका, नाहीतर मालवेअर पण घर बदलून येतो. फाउंड्रीसारखी चार पानांची साइट असेल तर वर्डप्रेस पाहिजेच कशाला, साधी एचटीएमएल पानं करून क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट ठेवा, तिथं पीएचपी नाही म्हणजे लॉगिनवर मारा करायला पण काही नाही. हलवायच्या आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ वापरात राहते ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा आणि एमएक्स नोंद (मेल कुठं यायचा ते सांगणारी) आठवणीनं नव्या ठिकाणी घाला, ती राहिली की साइट दिसते पण ऑर्डरचे मेल येत नाहीत आणि ते दोन-तीन दिवस कुणाच्या लक्षातच येत नाही. मेल नीट यायला लागल्याची खात्री झाल्यावरच जुन्या अकाउंटचं ऑटो-रिन्यू बंद करा.