संकलित टाइमलाइन ग्रेडिंगला नेताना आणि परत आणताना

संकलनाच्या सॉफ्टवेअरमधून ग्रेडिंगकडे, म्हणजे चित्राच्या रंगसंस्काराकडे, जी फाइल जाते, तिच्यात चित्र नसते. एक्सएमएल, एएएफ किंवा ईडीएल ही केवळ एक यादी असते आणि कोणत्या क्लिपचा कोणत्या टाइमकोडपासून (फ्रेमचा तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असा पत्ता) कोणत्या टाइमकोडपर्यंतचा तुकडा टाइमलाइनवर कुठे बसतो, याची नोंद तिच्यात असते. ती वाचून ग्रेडिंगचे सॉफ्टवेअर मूळ कॅमेरा फाइल्समधून तीच टाइमलाइन पुन्हा उभी करते. या कामाला कन्फॉर्म म्हणतात. कन्फॉर्म बिघडतो तो बहुतेक वेळा यादीतला पत्ता अपुरा किंवा संदिग्ध असल्यामुळे, म्हणून खरी मेहनत एक्सपोर्ट करण्याच्या आधीच करावी लागते.

पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे चित्राचे संकलन अंतिम ठरल्यावर, मूळ सिक्वेन्सला (संकलित टाइमलाइनला) हात न लावता त्याची प्रत काढावी आणि सर्व साफसफाई त्या प्रतीवर करावी. बंद करून ठेवलेल्या क्लिप्स काढून टाकाव्यात, मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांच्या एकत्र बांधलेल्या) क्लिप्स फ्लॅटन करून निवडलेल्या कॅमेऱ्याचीच क्लिप ठेवावी, नेस्ट केलेले (एकात एक बसवलेले) सिक्वेन्स उघडून त्यांतील मूळ क्लिप्स बाहेर आणाव्यात आणि चित्र शक्य तितक्या कमी व्हिडिओ ट्रॅकवर उतरवावे. संकलकाने तात्पुरती लावलेली एलयूटी (रंग बदलणारे तयार कोष्टक) आणि ॲडजस्टमेंट लेयर (खालच्या सर्व क्लिप्सवर परिणाम लावणारा थर) काढणे विसरू नये. शीर्षके व श्रेयनामावली ग्रेडिंगला पाठवू नयेत. ती परतीच्या चित्रावर चढवावीत. क्लिपचा वेग एकसारखा बदललेला असेल तर तो बहुधा नीट पोहोचतो, पण वेग हळूहळू बदलत जाणारे शॉट आणि प्लगइनने स्थिर केलेले शॉट यांचा भरवसा धरता येत नाही. अशा शॉटची टाइमकोडसह वेगळी यादी ग्रेडिंग करणाऱ्या कलरिस्टकडे द्यावी. स्थिरीकरण शक्यतो ग्रेड झाल्यानंतर संकलनातच पुन्हा लावावे.

चित्राच्या आकाराचा प्रश्न सर्वांत फसवा असतो. समजा मूळ फाइल ३८४०×२१६० आहे आणि संकलनासाठी तिची १९२०×१०८० ची लहान प्रत वेगळी काढून वापरली आहे. १९२०×१०८० च्या टाइमलाइनवर त्या प्रतीचे स्केल (आकाराची टक्केवारी) १०० राहते. पुढे तिच्या जागी मूळ फाइल आली आणि १०० हा आकडा तसाच लागू झाला, तर चित्र दुप्पट मोठे दिसते. प्रीमियर प्रोमध्ये ‘स्केल टू फ्रेम साइझ’ आणि ‘सेट टू फ्रेम साइझ’ या दोन आज्ञा सारख्याच वाटतात. प्रत्यक्षात दुसरी आज्ञा स्केलचा आकडा बदलते, तर पहिली आकडा न बदलताच चित्र बसवते. आकडा यादीत उतरावा यासाठी दुसरीच वापरावी.

फाइल्सची नावे हा दुसरा सापळा आहे. अनेक कॅमेरे नवे कार्ड घातल्यावर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करतात, काहींचा टाइमकोडही शून्यापासून सुरू होतो, आणि मग दोन वेगवेगळ्या दिवसांच्या दोन क्लिप्स यादीच्या दृष्टीने एकच ठरतात. माझ्या एका कामात अशीच चुकीची क्लिप बसली होती. जागा तीच, पात्र तेच, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. ओठांची हालचाल संवादाशी जुळेना तेव्हा टेक दुसराच असल्याचे कळले. नावे बदलायची तर संकलनाला हात घालण्यापूर्वी बदलावीत, नंतर मुळीच नाही.

यादीचा प्रकार संकलनाच्या सॉफ्टवेअरवरून ठरतो. प्रीमियर प्रोमधून जुन्या फायनल कट प्रोच्या पद्धतीचा एक्सएमएल काढावा, आजच्या फायनल कट प्रोमधून एफसीपीएक्सएमएल आणि ॲव्हिड मीडिया कंपोझरमधून एएएफ. सीएमएक्स ३६०० पद्धतीच्या ईडीएलमध्ये चित्राचा एकच ट्रॅक, आठ अक्षरांचे रीलनाव (मूळ टेपचे किंवा कार्डाचे नाव) आणि ९९९ नोंदी एवढीच सोय आहे, शिवाय आकाराची माहिती तिच्यात नसते. तरीही बाकी काही चालेनासे झाले की तीच उपयोगी पडते, म्हणून एक प्रत सोबत ठेवावी. याखेरीज संपूर्ण चित्रपटाची संदर्भफाइल काढावी, तिच्या कोपऱ्यात टाइमकोड व क्लिपचे नाव छापावे आणि तिचा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) व आरंभीचा टाइमकोड टाइमलाइनप्रमाणेच ठेवावा.

डा विंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मीडिया पूलात (प्रोजेक्टच्या क्लिप्सच्या साठ्यात) पहिली क्लिप येण्यापूर्वीच प्रोजेक्टचा फ्रेमरेट ठरवावा लागतो, कारण नंतर तो बदलता येत नाही. २४ आणि २३.९७६ यांतला फरक क्षुल्लक वाटला तरी तासाभरात तो ३.६ सेकंदांपर्यंत जातो. त्यानंतर मूळ कॅमेरा फाइल्स स्वतः मीडिया पूलात आणाव्यात आणि टाइमलाइन आयात करताना स्रोत क्लिप्स आपोआप आणण्याचा पर्याय बंद ठेवावा, म्हणजे यादीतल्या जुन्या पत्त्यावरून लहान प्रती आत शिरणार नाहीत. लहान प्रतींचे एक्स्टेंशन वेगळे असेल तर जुळणी करताना एक्स्टेंशनकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय निवडावा. मग संदर्भफाइल ऑफलाइन रेफरन्स क्लिप म्हणून टाइमलाइनला जोडावी आणि वाइप लावून, म्हणजे दोन्ही चित्रे एकाच पडद्यावर ताडून, प्रत्येक कट तपासावा. दोन चित्रांमधला फरकच दाखवणाऱ्या डिफरन्स वाइपमध्ये चित्र काळे पडले की जुळणी बरोबर आहे असे समजावे. रंग वेगळे असल्याने ते पूर्ण काळे क्वचितच पडते, पण सरकलेल्या फ्रेमची दुहेरी कड लगेच दिसते. हे काम कंटाळवाणे आहे. तरीही एकही कट सोडू नये.

परतीच्या वेळी संपूर्ण चित्रपटाची एकच फाइल काढता येते किंवा प्रत्येक शॉटची वेगळी. संकलनात काही बदल होण्याची शक्यता असेल तर वेगळ्या फाइल्सच बऱ्या. त्यांसाठी डिलिव्हर पानावर प्रीमियर, फायनल कट आणि ॲव्हिड यांचे तयार प्रीसेट आहेत. दोन्ही टोकांना १२ ते २४ फ्रेमचे हँडल (जादा फ्रेम) ठेवावेत, नाहीतर डिझॉल्व्हला (एक शॉट दुसऱ्यात विरघळवायला) फ्रेम पुरणार नाहीत. एकाच क्लिपमधून घेतलेले दोन शॉट एकमेकांवर लिहिले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक फाइलला वेगळे नाव देण्याचा पर्याय चालू ठेवावा. कोडेक (फाइल संकुचित करण्याची पद्धत) प्रोरेस ४२२ एचक्यू, प्रोरेस ४४४४ किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स यांपैकी असावा. ग्रेडिंगमध्येच आकार व झूम लागू करून चित्र टाइमलाइनच्या मापात काढले असेल, तर संकलनात जुने स्केल पुन्हा लागू होऊ देऊ नये.

परत आलेले चित्र दुधाळ किंवा जास्त गडद वाटले तर ग्रेडला दोष देण्याआधी लेव्हल, म्हणजे काळ्या-पांढऱ्याचे आकडे, तपासाव्यात. १० बिट व्हिडिओ रेंजमध्ये काळा ६४ वर आणि पांढरा ९४० वर असतो. अशी फाइल फुल रेंजची (जिच्यात आकड्यांची पूर्ण व्याप्ती वापरलेली असते) समजून वाचली गेली की काळे फिके पडतात, आणि उलट झाले की सावल्या व उजळ भाग कापले जातात. शेवटी ध्वनिमिश्रण बसवताना चित्र ०१:००:००:०० ला सुरू होत असेल, तर टू-पॉपचा (चित्राच्या दोन सेकंद आधी ठेवलेल्या जुळणीच्या खुणेचा) एक फ्रेमचा आवाज बरोबर ००:५९:५८:०० वर येतो का, हे पाहावे. तो एका फ्रेमनेही सरकलेला असेल तर फाइल पुढे पाठवू नये.