रिमोटने गाडीचे दार उघडत नसेल, तर बिघाड कुठे शोधावा

मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात उभी केलेली गाडी आतून भट्टीसारखी तापते, आणि नेमके त्याच वेळी रिमोटने दार उघडले नाही, तर माणूस घाईघाईने संपूर्ण सेंट्रल लॉक बदलायला निघतो. बटण दाबल्यापासून कडी सुटेपर्यंत काय घडते हे ठाऊक असेल, तर हा खर्च पुष्कळदा टळतो.

रिमोटमध्ये सहसा सीआर 2032 हा 3 व्होल्टचा चपटा सेल असतो. बटण दाबताच रिमोट रेडिओ लहरींवरून, आपल्याकडील बऱ्याच गाड्यांत 433.92 मेगाहर्ट्झवर, एक संकेत पाठवतो. हा संकेत दर वेळी बदलत असल्याने कोणी तो चोरून टिपला, तरी एकदा वापरला गेलेला संकेत गाडी पुन्हा स्वीकारत नाही. संकेत ओळखीचा निघाला, की गाडीतील नियंत्रक दारांमधील छोट्या मोटरींना वीज देतो. मोटर एका दिशेने फिरली की लॉक लागते आणि विजेची दिशा उलटवली की तीच मोटर उलटी फिरून लॉक उघडते.

तपासणीही याच क्रमाने करावी. चावीने चालकाचे दार उघडून आतले लॉकचे बटण दाबावे. सर्व दारे व्यवस्थित लागली, तर मोटरी चांगल्या आहेत. दोष रिमोटमध्ये किंवा त्याचा संकेत घेणाऱ्या भागात आहे, म्हणून आधी सेल बदलावा. बटणानेही एकही दार हलले नाही, तर बॅटरी आणि सेंट्रल लॉकचा फ्यूज पाहावा. एकच दार अडत असेल, तर त्या दाराकडे कान द्यावा. मोटरीचा आवाज येऊनही लॉक हलत नसेल, तर आतले गियर झिजले असतील किंवा दांडी निसटली असेल. कापसाच्या शेतांतून धुळीच्या वाटेने रोज जाणाऱ्या गाडीत कडीला चिकटलेली धूळ आणि वाळलेले ग्रीस हेही कारण असू शकते. आवाजच येत नसेल, तर दार आणि ते बिजागरीने ज्याला जोडलेले असते तो गाडीचा खांब यांच्यामधील रबरी नळीतील तारा तपासून घ्याव्यात, कारण दार उघडताना-मिटताना त्या सतत वाकतात आणि शेवटी आतून तुटतात. ही जागा अनेकांच्या लक्षात येत नाही.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीच्या रिमोटमध्ये लोखंडी चावी लपवलेली असते, ती आजच काढून पाहावी. सेल संपल्यावर तिने दार उघडते, आणि अशा बहुतेक गाड्यांत रिमोट स्टार्ट बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवून इंजिन सुरू करता येते. मात्र चावी आणि लहान मूल यांना गाडीत एकत्र ठेवून क्षणभरही खाली उतरू नये. आतून लॉकचे बटण दाबले गेले, तर आपल्याकडच्या उन्हात काही मिनिटांतच मुलाच्या जिवावर बेतू शकते. तसे झालेच, तर मेकॅनिकची वाट न पाहता मुलापासून लांबची काच फोडावी.