चेनव्हील बदलण्यापूर्वी चेन मोजून घ्या

सायकलची चेन दात्यांवरून घसरू लागली की चेन, चेनव्हील (पेडलजवळचे दातेरी चाक) आणि फ्रीव्हील (मागच्या चाकावरचे दातेरी चाक) असा पूर्ण संच बदलण्याचा सल्ला सहज दिला जातो. पण खर्च करण्यापूर्वी स्टीलच्या साध्या पट्टीने चेन मोजावी. चेनच्या लगतच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. चेन ताणून धरावी, पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवावा आणि तिथून पुढची चोविसावी पिन पाहावी. नव्या चेनमध्ये ती बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल, तर फक्त चेन बदलावी. १/८ इंच गेली असेल, तर बहुधा फ्रीव्हीलही झिजलेले असते आणि जोर लावताच नवी चेन त्यावर उड्या मारते. इथे धातू ताणला जात नाही, तर घासून घासून प्रत्येक सांध्यात किंचित मोकळीक येते.

चेनव्हीलचे दाते आकड्यासारखे एका बाजूला कललेले दिसले, तरच ते बदलावे.

पुढे एकच चेनव्हील असलेल्या अनेक सायकलींत दाते आलटूनपालटून जाड आणि बारीक असतात. ही रचना मला फार नेटकी वाटते: जाड दाता रुंद कडीत आणि बारीक दाता अरुंद कडीत बसून चेन धरून ठेवतो. म्हणूनच अशा चेनव्हीलवर दात्यांची संख्या सम असते, आणि चेन चढवताना जाड दात्यासमोर रुंद कडीच आली आहे ना, हे हाताने पेडल फिरवून पाहावे लागते.