बारवेतील हिरव्या शेवाळाची जात ठरवताना

बारवेच्या पाण्याखालच्या पायरीवरून किंवा पाझर तलावाच्या काठी बुडालेल्या काडीवरून काढलेला हिरवा पुंजका प्रथम बोटांत चोळून पाहावा. तो बुळबुळीत लागला, तर बहुधा स्पायरोगायरा असतो. किंचित खरखरीत लागला, तर ईडोगोनियम किंवा क्लॅडोफोरा असण्याची शक्यता अधिक. येथे ईडोगोनियम या तंतुमय शेवाळाचाच विचार केला आहे. या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात (genus), चारशेहून अधिक जातींचे वर्णन झालेले असून त्यांपैकी अनेकींच्या नोंदी मोजक्याच ठिकाणच्या आहेत. ही दुर्मीळता बऱ्याच अंशी पुरेसे कोणी पाहिले नाही म्हणून भासते, असे माझे मत आहे.

पुंजका ओढून तोडू नये. ज्या काडीला किंवा पानाला तो चिकटला असेल तिच्यासह घ्यावा, कारण तंतूच्या तळाशी असलेल्या धारकपेशीचा आकारही पुढे उपयोगी पडतो. नमुन्याचा एक भाग त्याच पाण्यात जिवंत ठेवावा, दुसरा ४ टक्के फॉर्मेलिनमध्ये आणि तिसरा अल्कोहोलमध्ये, कारण फॉर्मेलिनमधील नमुन्यातून नंतर डीएनए नीट मिळत नाही. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहावी आणि तीत गाव, तारीख, पाण्याचे तापमान व सामू नोंदवावा.

सूक्ष्मदर्शकाखाली तंतूला फांद्या दिसल्या, तर ते ईडोगोनियम नव्हे. फांद्यांसह बुडाशी फुगीर असलेले लांब केस दिसले, तर ती त्याच कुलातील बल्बोकीटी होय. ईडोगोनियमचे हरितलवक जाळीदार असते, पण खरी खूण काही पेशींच्या वरच्या टोकाशी असलेल्या, एकात एक बसवलेल्या टोप्यांसारख्या कड्यांची आहे. पेशीचे विभाजन होताना भित्तिका फाटते, तिच्या आतील कडे ताणले जाते आणि दर वेळी एक टोपी मागे राहते. ४० पटींच्या वस्तुभिंगाखाली, प्रकाश थोडा कमी करून पाहिल्यास ती स्पष्ट दिसते.

प्रजाती येथवर निश्चित होते, जात मात्र होत नाही. नुसत्या हिरव्या तंतूवरून जातीचे नाव देणे ही या विषयात सर्रास होणारी चूक आहे. लैंगिक अवयव नसतील, तर नमुना खिडकीजवळ, थेट ऊन न लागेल असा, काचेच्या बरणीत काही आठवडे ठेवावा आणि मूळ जागीही पंधरा-पंधरा दिवसांनी जाऊन पाहावे.

फुगीर अंडकोश (मादी अवयव) दिसू लागले, की काम खऱ्या अर्थाने सुरू होते. तो छिद्राने उघडतो की झाकणाने, ते उघडणे वरच्या बाजूला आहे, मध्यावर आहे की खाली, आत तयार झालेल्या बीजाणूची भित्तिका गुळगुळीत, खळगेदार, कंगोरेदार की काटेरी आहे, आणि अंडकोश व पुंकोश (नर अवयव) एकाच तंतूवर आहेत की वेगवेगळ्या, हे सारे नोंदवावे. अंडकोशावर किंवा त्याच्या शेजारी दोन-तीन पेशींचे चिमुकले नर चिकटलेले आहेत का, हे विशेष काळजीने पाहावे. घाईत ते घाण समजून नजरेआड होतात आणि मग वर्गीकरणाची अख्खी शाखाच चुकते. साध्या पेशी, अंडकोश आणि बीजाणू यांची लांबी-रुंदी प्रत्येकी किमान २० वेळा मोजावी. नेत्रभिंगातील मोजपट्टी आधी प्रमाणित केलेली नसेल, तर त्या आकड्यांना अर्थ नाही.

वर्गीकरणात या प्रजातीचे स्थान क्लोरोफायटा विभाग, क्लोरोफायसी वर्ग, ईडोगोनिएलीस गण, ईडोगोनिएसी कुल असे आहे. या कुलातील वैध नावांचा आरंभ शैवालतज्ज्ञ हिर्न यांच्या १९०० सालच्या ग्रंथापासून धरला जातो, म्हणून त्याआधीच्या नावांना स्वतंत्र अग्रक्रम नसतो. आपली मापे मूळ वर्णनाशी पडताळताना एखाद्या मापात फरक आढळला, म्हणून लगेच नवी जात जाहीर करू नये. पूर्ण पक्व बीजाणूंवर पुन्हा मोजणी करावी आणि शक्य असल्यास डीएनएचा क्रमही तपासून घ्यावा. तोवर चिठ्ठीवर जातीच्या नावाऐवजी ‘ईडोगोनियम, जात अनिश्चित’ असेच लिहावे आणि मोजपट्टीसह काढलेले चित्र त्या नमुन्यासोबत जपून ठेवावे.