भाकरी खाल्ली, पण अंगाला किती लागली? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ताटात तसं काही कमी नसतं. ज्वारीची नाहीतर नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगाची चटणी, ताक. तरी रक्त तपासलं की घरातल्या बायकांचं हिमोग्लोबिन (रक्तातलं लोह असलेलं द्रव्य) बऱ्याचदा 12 ग्रॅमच्या खालीच निघतं. दोष भाकरीचा नाही. तिच्या सोबतीला काय घेतो, तिथे गाडी अडते.

जेवणाला लागून चहा

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. धान्य, कडधान्य आणि पालेभाजीतलं लोह शरीर मुळातच थोडंसं शोषतं. चहातलं टॅनिन आतड्यात त्याला धरून ठेवतं आणि त्यातलं बरंचसं तसंच बाहेर जातं. दूध घातलेला चहाही त्यातलाच, कॉफीही. म्हणून सकाळची चहा-भाकरी बंद करा. चहा सोडायची गरज नाही, खाण्याच्या आधी-नंतर एक तास मोकळा ठेवा.

उलट 'क' जीवनसत्त्व तेच लोह आत घ्यायला मदत करतं. उसळीवर अर्धं लिंबू पिळा, पण ताटात वाढल्यावर. कढईत पिळून उकळी आणली तर त्यातलं बरंच जीवनसत्त्व उष्णतेने जातं. लिंबू नसेल तर पेरू किंवा कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर चालेल.

लोहाच्या गोळीलाही हाच नियम: चहा नको, दूध नको, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. शौचाला काळपट झाली म्हणून घाबरून गोळी थांबवू नका, तो लोहाचाच रंग असतो. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या आणि डॉक्टरांना सांगा.

गुळावर भरवसा

उसाच्या मुलखात हे पटवणं अवघड, पण 10 ग्रॅम गुळाच्या खड्यात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2020 च्या शिफारशीनुसार बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लागतं. खड्यातला बाकी बहुतेक भाग साखरच; मधुमेह असणाऱ्याने गुळाला औषध समजू नये.

फुगलेल्या वाटीचा हिशेब

मटकी 10-12 तास भिजवून मोड आणले की लोह अडवणारं फायटेट कमी होतं, हा खरा फायदा. प्रथिनं मात्र वाढत नाहीत. वाटी भरते ती पाण्याने. म्हणून मोजायची ती कोरडी: माणशी निदान 30 ग्रॅम, त्यातून साधारण 7 ग्रॅम प्रथिनं. उसळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकू नका, त्याने बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं.

60 किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं हवीत. 60 ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी 6 ग्रॅम देते, म्हणजे तीन भाकऱ्यांचे 18. वर उसळीचे 7, वाटीभर दह्याचे 5, मूठभर शेंगदाण्यांचे 6. झाले 36. उरलेलं पातळ आमटीने भरत नाही. घट्ट वरण, अंडी किंवा उसळीची दुसरी वाटी लागते. भाकरीत लायसिन (प्रथिनांचा एक घटक) कमी, ते कडधान्यात भरपूर, म्हणून ही जोडी मोडू नये.

दुपारी डुलकी, चारला परत भूक

ताटात भाताचा डोंगर आणि नावाला आमटी असेल तर हे व्हायचंच. पिष्ट झपाट्याने साखर होऊन रक्तात येतं, पोटही लवकर रिकामं होतं. भात निम्मा करा, आधी उसळ-भाजी खा. भाताची पेज ओतून देत असाल तर बी जीवनसत्त्वंही मोरीत चाललीत.

आणि चटणीवर ओतलेलं तेल मोजा. दोन मोठे चमचे तेलात एका भाकरीपेक्षा जास्त उष्मांक असतात.

सगळा अशक्तपणा लोहावर ढकलणं

हातापायाला मुंग्या, विसराळूपणा, सततचा थकवा असेल तर बी-12 जीवनसत्त्वही तपासून घ्या. ते भाकरीत, भाजीत, कडधान्यात मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून येतं. शाकाहारी घरात पातळ ताकाच्या पेल्यावर ते भागेलच असं नाही, आणि कमतरता निघाली तर लोहाच्या गोळीने ती भरत नाही.